फुग्याची जागा

“पट्टा लावलेला होता,” मी म्हणालो. “इकडे या, दाखवतो.”

डावं दार कटरने कापून काढलेलं होतं, त्यामुळे आत वाकायला जागा होती. सीट बेल्टची पट्टी ताणून मी उन्हात धरली. तिच्यावर आडवा, चकाकणारा चट्टा उमटला होता. जिथून पट्टी वळते त्या प्लॅस्टिकच्या कडीवरही तसेच ओरखडे होते. सीटवरचा माणूस बांधलेला असताना गाडी आपटली, तरच हे व्रण उठतात.

“म्हणजे तिने लावला होता?” दगाजी आबांनी विचारलं.

“हो. अगदी नीट लावला होता.”

आबा दोन पावलं मागे सरले. आल्यापासून ते एकच गोष्ट म्हणत होते, की जावईबापूंनी ज्योत्स्नाला पट्टा लावायला सांगितला नसेल. त्यांचा जावई देविदास बिरारी शेजारी कुबड्यांवर उभा होता. उजव्या पायाला मांडीपर्यंत प्लॅस्टर. त्याने सासऱ्यांकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

“साहेब, मग एअरबॅगचे फुगे का नाही उघडले?”

बारा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा विमा कंपन्यांसाठी अपघातात सापडलेल्या गाड्या तपासायचो. सर्व्हेअर म्हणतात त्याला. गाडी कशी आपटली, काय मोडलं, काय बदलावं लागेल, हे बघायचं आणि लिहून द्यायचं. धुळे, साक्री, शिरपूर हा माझा भाग. अठरा वर्षांत हजारो गाड्या पाहिल्या होत्या, त्यामुळे रक्ताचे डाग दिसले तरी माझा हात थांबत नसे.

ही लहान, पांढरी, चार दारांची गाडी होती, आपल्याकडे दर दुसऱ्या घरासमोर दिसते तशी. देविदासने सात महिन्यांपूर्वी जुनी विकत घेतली होती. तो कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. बायको सिव्हिल हॉस्पिटलात अपघात विभागात नर्स. दोघं आणि आठ वर्षांची पूर्वा साक्रीकडून लग्न आटोपून येत होते. संध्याकाळचे साडेसहा. पुढे उसाची ट्रॉली होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. दिसली तेव्हा देविदासने गाडी उजवीकडे घेतली, पण ट्रॉलीचा मागचा कोपरा डाव्या बाजूने, ज्योत्स्ना बसली होती तिथे, आत शिरला. त्यात ती गेली. पूर्वा मागच्या सीटवर होती, पट्टा लावून. तिला फक्त हनुवटीला दोन टाके पडले.

“नव्या गाडीला पैसे पुरत होते,” देविदास म्हणाला, “पण त्यात फुगे नव्हते. ही ज्योत्स्नानेच ठरवली. म्हणाली, जुनी चालेल, बिनफुग्याची नको. तिच्या वॉर्डात रोज बघायची ना ती.”

“नवी घ्या, नवी घ्या म्हणून मी घसा कोरडा केला,” आबा म्हणाले.

मी इस्माईलभाईंना हाक मारली. ते त्या वर्कशॉपचे जुने मिस्त्री. गाडी मागच्या आवारात उभी होती, लिंबाच्या झाडाखाली. त्यांनी आधी स्टिअरिंगच्या मधलं झाकण उचकटलं. ते स्क्रूने नाही, डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेलं होतं. झाकण निघालं. आत वायरचं एक टोक लोंबत होतं, त्याला काळी टेप गुंडाळलेली. बाकी पोकळी.

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डावीकडे जाऊन त्यांनी चेपलेला डॅशबोर्ड कटावणीने उचलला. वरचं आवरण फाटलं तसं खाली लांबीचा, म्हणजे डेंटिंगमध्ये भरतात त्या पुट्टीचा जाड थर दिसला. त्याखाली फुग्याची जागा. तिथे गोणपाटाचा एक बोळा कोंबलेला होता, आवाज येऊ नये म्हणून.

“साहेब,” इस्माईलभाई म्हणाले, “इथं काहीच नाही.”

मी टेप सोडवली. आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर झाळलेला होता. अशा गाडीत फुग्याचा एक दिवा असतो. किल्ली फिरवली की लागतो आणि सगळं ठीक असेल तर तीन-चार सेकंदांत विझतो. फुगा नसेल तर तो विझत नाही. हा दाणा लावला, की गाडीला वाटतं फुगा आहे, आणि दिवा विझतो. असा दाणा काही रुपयांना मिळतो.

मी हे सगळं त्या दोघांना समजावून सांगितलं. सांगायला नको होतं. निदान तिथे, तेव्हा नको होतं. पण मला माझ्या कामाची घमेंड होती आणि मी सांगत गेलो.

आबा बराच वेळ त्या गोणपाटाच्या बोळ्याकडे बघत राहिले. मग जावयाकडे वळले.

“तुला माहीत होतं.”

आतापर्यंत ते जावईबापू, तुम्ही, असंच बोलत होते. देविदासने दचकून मान वर केली.

“आबा, मला कसं माहीत असणार? दिवा विझायचा हो. रोज विझायचा. ज्योत्स्ना रोज बघायची.”

“तूच काढून विकले. प्रयोगशाळेत वायरींचीच कामं करतोस ना तू? असले दाणे तुझ्याच टेबलावर असतात.”

“आबा!”

“पोरगी माझ्याकडे आहे, माझ्याकडेच राहील. तू तिकडे पाऊल टाकू नकोस.”

आबा रस्त्यावर गेले आणि रिक्षाला हात केला. देविदासला कुबड्यांवर त्यांच्या मागे पळता येईना. तो तिथेच उभा राहिला. इस्माईलभाईंनी त्याला स्टूल आणून दिलं.

“साहेब, हे कोणी केलं ते कळतं का?” त्याने मला विचारलं.

“चेसिस नंबरवरून जुना अपघात निघेल. मी बघतो.”

“बघा. माझ्यासाठी नाही, पण पूर्वाला ते काय काय सांगत असतील, ते...”

चार दिवसांनी कंपनीकडून जुनी फाइल आली. ही गाडी तीन वर्षांपूर्वी एकदा समोरून धडकली होती. तेव्हा मालक दुसरा होता. दोन्ही फुगे उघडले होते आणि माणसं वाचली होती. दुरुस्ती पोपटराव गांगुर्डे यांच्या गॅरेजमध्ये झाली. दोन नवीन फुग्यांचं बिल होतं आणि ते मंजूर झालेलं होतं. फाइल मी दोनदा वाचली, बॅगेत टाकली आणि स्कूटर काढली.

पोपटराव गॅरेजच्या काचेच्या केबिनमध्ये बसले होते. मला बघून उठले. “या, अमृतकर साहेब! बऱ्याच दिवसांनी. रस सांगू?”

“नको. ही गाडी आठवते?”

त्यांनी चष्मा लावून नंबर बघितला. फोटो बघितले. चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

“किती गेले?”

“एक बाई.”

“वाईट झालं.”

“पोपटराव, फुगे बसवले नव्हते तुम्ही.”

“फुगे महिना-महिना मिळत नव्हते तेव्हा. मालक डोक्यावर बसला होता गाडी द्या म्हणून. त्याला तर गाडी विकायचीच होती.” त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली. “आणि साहेब, हे मला एकट्याला विचारताय? शेवटचं पान बघितलं ना तुम्ही?”

मी बघितलं होतं. शेवटचं पान म्हणजे दुरुस्तीनंतरच्या फेरतपासणीचा अहवाल. ‘दोन्ही एअरबॅग नवीन बसवल्याचे प्रत्यक्ष पाहिले.’ खाली तारीख, शिक्का आणि सही. मु. ना. अमृतकर. माझी.

त्या दिवसाची मला नीट आठवण होती, हेच वाईट. मे महिना होता. गाडी मागे उन्हात उभी होती आणि मी याच केबिनमध्ये, याच खुर्चीवर पंख्याखाली बसलो होतो. उसाचा रस आला होता. पोपटरावांच्या माणसाने गाडी काचेसमोर आणून उभी केली आणि किल्ली फिरवली. दिवा लागला, दिवा विझला. त्याने मला अंगठा दाखवला. मी मान हलवली आणि लिहिलं, प्रत्यक्ष पाहिले. कोणी मला पाकीट दिलं नव्हतं. दिलं असतं तर कदाचित मी उठून बघितलं असतं.

“घाबरू नका,” पोपटराव म्हणाले. “गाडी मधल्या काळात दोघांच्या हातून गेलीय. एक तो विकणारा, दुसरा हा. लिहून टाका, नंतरच्या मालकाने फुगे काढले असण्याची शक्यता आहे. शक्यता! खोटं काय त्यात?”

“त्याचा सासरा तेच म्हणतोय.”

“बघा मग. तुमच्या पोटावर पाय, माझ्या गॅरेजला कुलूप, आणि ती बाई काही परत येणार नाही.”

मी फाइल उचलली आणि निघालो. ऑफिसात येऊन टेबलाशी बसलो आणि ते वाक्य लिहिलं. ‘नंतरच्या मालकाने फुगे काढले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ इंग्रजीत ते आणखीच निर्मळ दिसत होतं. अहवाल छापला, पाकिटात घातला. पाठवला मात्र नाही. तीन दिवस तो टेबलावर पडून होता आणि मी बाकीच्या गाड्या तपासत फिरत होतो. या तीन दिवसांत मी काही थोर विचार केले असं नाही. पाठवलं तर कोणाला कळेल, एवढाच हिशेब मी उलटसुलट करत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी देविदास आला. माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यातून कुबड्यांचा आवाज येत होता, एक पायरी, थांबणं, मग पुढची पायरी. मी उठून आधार द्यायला गेलो नाही. तो आवाज संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो.

तो आला, बसला, घाम पुसला.

“काल पूर्वाच्या शाळेत गेलो होतो,” तो म्हणाला. “मधल्या सुट्टीत. आबा तिला सकाळी एस.टी.ने आणून सोडतात. फाटकाजवळ आली, पण जवळ आली नाही. म्हणाली, पप्पा, तुम्ही आईचा फुगा विकला का?”

मी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. त्याने घेतला नाही.

“साहेब, तुम्हाला एक सांगू? कोणाला सांगितलं नाहीये. ज्योत्स्ना लगेच गेली नव्हती. अँब्युलन्स यायला चाळीस मिनिटं लागली. ती शुद्धीवर होती, बराच वेळ. माझा पाय अडकलेला, मला हलता येत नव्हतं. ती मला सांगत होती, आधी पूर्वाचा पट्टा सोडायला सांगा कोणाला तरी. मग म्हणाली, अहो, माझ्या डोक्याला लागलंय, मला झोप येईल, झोपू देऊ नका. उलटी झाली तर कुशीवर करा. सगळं अगदी ड्यूटीवर असल्यासारखं. मी तिच्याशी बोलत राहिलो. पाढे म्हणायला लावले तिला. बाराचा पाढा म्हणत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, अहो, फुगा का नाही उघडला?”

त्याने माझ्याकडे पाहिलं.

“मी म्हटलं, माहीत नाही गं. ती म्हणाली, दिवा तर विझला होता. मी बघितला होता. त्यानंतर काही बोलली नाही.”

खालून भांड्यांच्या दुकानातला ठोकण्याचा आवाज येत होता. माझ्या टेबलावर ते पाकीट त्याच्या कोपराला लागून पडलं होतं.

“बिरारी,” मी म्हणालो, “तुम्ही घेतली तेव्हाच फुगे नव्हते. तीन वर्षांपूर्वीच्या अपघातात ते उघडले, आणि नवे बसवलेच नाहीत. गॅरेजवाल्याने दिवा फसवून ठेवला.”

तो पुढे झुकला. “कागद आहे?”

“आहे.”

“मग गॅरेजवाल्याला कोणी विचारलं नाही? कोणी तपासत नाही का नंतर?”

“तपासतात. सर्व्हेअर तपासतो. बसवलेले फुगे प्रत्यक्ष पाहिले, असं लिहून देतो.”

“कोण होता तो?”

मी फाइल उघडून शेवटचं पान त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वाचलं. सही वाचायला त्याला वेळ लागला. मग त्याने भिंतीवर टांगलेल्या माझ्या नावाच्या पाटीकडे पाहिलं आणि परत कागदाकडे.

मला वाटलं तो कुबडी उचलेल. उचलली असती तर बरं झालं असतं.

“किती वेळ लागला असता बघायला?” त्याने विचारलं.

“ग्लव्ह बॉक्स काढून आत टॉर्च मारायची. पाच मिनिटं.”

“पाच मिनिटं,” तो म्हणाला.

“फुगा असता तर त्या वाचल्याच असत्या, असं मी सांगू शकत नाही. पण...”

“ते मी तुम्हाला विचारलं नाही.”

त्याने फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, “लिहून द्या. मराठीत. पूर्वाला वाचता आलं पाहिजे, असं लिहा.”

मी कोरा कागद घेतला. माझं पूर्ण नाव लिहिलं, धंदा लिहिला. गाडीचा नंबर लिहिला. मग लिहिलं, ‘फेरतपासणीच्या वेळी माझ्याकडून नजरचुकीने...’ तो उलट्या बाजूने वाचत होता.

“नजरचुकीने कसं?” तो म्हणाला. “नजर टाकलीच नव्हती ना तुम्ही?”

मी तो शब्द खोडला. ‘मी गाडी उघडून पाहिली नाही. खुर्चीवर बसून सही केली.’ असं लिहिलं. खाली लिहिलं, की देविदास बिरारी यांना किंवा त्यांच्या पत्नीला यातलं काहीही माहीत नव्हतं. त्याने सगळा कागद परत एकदा वाचला.

“खाडाखोड नको,” तो म्हणाला. “परत लिहा.”

मी परत लिहिला. त्याने घडी घालून खिशात ठेवला. जाताना टेबलावरच्या त्या पाकिटाला त्याचा हात लागला, ते खाली पडलं, आणि त्यानेच वाकून ते उचलून मला दिलं. आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. तेवढं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, इथे पहिल्यांदा सांगतो.

पुढचं कोर्ट-कचेरीचं लवकर सांगता येईल. मी पोलिसांत जबाब दिला, कंपनीला कळवलं. माझा परवाना गेला. पोपटरावांना अटक झाली, जामीन झाला. खटला आठ वर्षं चालला आणि त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ते अपिलात आहेत, गॅरेज मुलगा चालवतो. माझ्यावरही गुन्हा होता. मी तो नाकारला नाही, म्हणून सहा महिन्यांत सुटलो. आता एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहितो.

पण हे सगळं नंतरचं. त्या कागदानंतरच्या रविवारी देविदासने मला फोन केला. “आबांकडे जायचंय. तुम्हीही या.” एवढंच.

आबांचं घर साक्रीच्या वाटेवर एका खेड्यात होतं. ओट्यावर आबा बसले होते, आजी दारात. आबांनी देविदासला बघून तोंड फिरवलं, पण घरी आलेल्या माणसाला हाकलणं त्यांना जमलं नसावं. पूर्वा आतून आली. हनुवटीवरची पट्टी अजून होती. देविदास ओट्याच्या पायरीवर बसला आणि त्याने तो कागद तिच्याकडे दिला.

“मोठ्याने वाच, बेटा. आबांना ऐकू दे.”

ती वाचू लागली. शाळेत धडा वाचतात तशी, प्रत्येक पूर्णविरामाला थांबत. माझं नाव, वडिलांचं नाव, राहणार धुळे. ‘रेझिस्टर’ या शब्दाला अडखळली, देविदासने सांगितला. ‘खुर्चीवर बसून सही केली’ हे वाचून पुढे गेली. शेवटच्या ओळी तिने हळू वाचल्या. मग कागद खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“हे काका म्हणजे तुम्ही?”

“हो.”

“तुम्ही का नाही बघितलं?”

ऊन होतं, असं सांगावं लागलं असतं.

“कंटाळा केला,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. एवढ्या लहान मुलीला कंटाळा म्हणजे काय ते कळतं. तिला ते पटलं, आणि ते पटलं हेच मला सहन होईना. आजींनी पदर तोंडात धरला आणि त्या आत गेल्या.

आबांनी कागद मागून घेतला. त्यांना वाचायला चष्मा लागायचा, तो त्यांनी आणवला नाही. नुसता हातात धरून बसले. मग देविदासच्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाले, “जावईबापू, उन्हात बसू नका. वर या.”

देविदास वर गेला नाही. वर जायला त्याला दोन माणसं लागली असती आणि मी हात पुढे करायची हिंमत केली नाही. आबा स्वतः उठले, खाली उतरले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसले. म्हातारा हुंदका न देता रडत होता.

“पूर्वा,” थोड्या वेळाने त्यांनी हाक मारली, “दप्तर भर. उद्या शाळा आहे तुझी.”

ती आत पळाली. मला कोणी बस म्हणालं नव्हतं आणि जा असंही कोणी म्हणत नव्हतं. मी अंगणात तसाच उभा राहिलो. पूर्वा दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन आली. रिक्षा आली. देविदासला बसायला वेळ लागला. पूर्वा त्याच्या दुखऱ्या पायाच्या पलीकडून चढली. मग तिने रिक्षात इकडेतिकडे, सीटच्या दोन्ही बाजूंना हात घालून चाचपून पाहिलं.

“पप्पा, याला पट्टाच नाहीये.”

“रिक्षाला नसतो, बेटा.”

ती क्षणभर तशीच बसली. मग खाली उतरली.

“मी चालत येते,” ती म्हणाली.

धुळं तिथून बावीस किलोमीटर होतं. कोणी तिला रागावलं नाही. आबांनी तिची पिशवी घेतली आणि ती दोघं एस.टी.च्या थांब्याच्या दिशेने रस्त्याच्या कडेने चालू लागली. रिक्षा त्यांच्या मागून, माणसाच्या चालीने जात राहिली.